होतकरू शिकाऱ्यास काही सूचना

सर्वांत आधी, रायफल घेऊ नका. रायफलीनं शिकार फार लवकर जमते. दुर्बिणीतून दोनशे यार्डांवरचं हरीण जवळ येतं, दस्ता खांद्यात रुतून बसतो, नळी कशावर तरी टेकते आणि माणूस पहिल्याच हंगामात फ्रीजर भरून मोकळा होतो. मग उरलेला जन्म करायचं काय? त्यापेक्षा हँडगन घ्यावी. खांद्याचा आधार नाही, पुढची माशी आणि मागची खाच यांत जेमतेम वीतभर अंतर, सावज पन्नास यार्डांच्या आत यायला हवं. आणि ते खरंच आलं, की छातीतली धडधड थेट नळीच्या टोकाला पोहोचते. अमेरिकेत ही अवघड वाट हौसेनं धरणारे बरेच लोक आहेत. त्यांत आता आपलेही काही दिसू लागले आहेत, म्हणून हा उपद्व्याप.

या सूचना टेक्सासातल्या मराठी माणसाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिल्या आहेत. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हौसेच्या शिकारीचा विषय मिटवला, तेव्हा पुण्या-सांगलीच्या वाचकांनी हे करमणूक म्हणून वाचावं. इकडच्यांनी सुट्टीत तिकडे जाताना बॅगेचे सगळे कप्पे उलटे करून झटकावेत. रेंजवरून आलेलं एक चुकार काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडलं, तर शस्त्र कायद्याखाली जी चौकशी सुरू होते ती चुलतबहिणीचं लग्न होऊन गेलं तरी संपत नाही.

आता परवाना. नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले असाल तर फारसं काही नाही. वय २१ पूर्ण, आपल्याच राज्याचं ओळखपत्र, केंद्र सरकारचा ४४७३ क्रमांकाचा फॉर्म आणि दुकानदारानं जागेवरच करून घेतलेली तपासणी, एवढ्यावर भागतं. एच-वन-बीवर असाल तर मात्र मौज आहे. नोकरीच्या व्हिसावरच्या माणसानं बंदूक बाळगू नये असं केंद्राचा कायदा सांगतो आणि लगेच अपवाद देतो. त्यातला एक म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार-परवाना जवळ असणं. म्हणजे बंदूक घ्यायची तर आधी शिकारीचा परवाना काढायचा. आणि टेक्सासात २०१९ पासून खासगी जमिनीवर, मालकाच्या संमतीनं रानडुक्कर मारायला परवाना लागतच नाही! डुकराला नको पण बंदुकीला हवा, म्हणून तुम्ही परवाना काढायचा. सरकारी कामाचं बाळकडू घरूनच मिळालेलं असल्यामुळे आपल्या लोकांना हे चटकन समजतं. तरीही दुकानात जाण्याआधी वकिलाला एक फोन करावा. परवान्यासाठी शिकारीचं प्रशिक्षण लागतं, तेही २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच. त्याआधी जन्मलेल्यांना शिकवून काही उपयोग नाही, असं सरकारचं मत झालेलं दिसतं.

कागद जमले की काडतूस. आणि काडतूस म्हटलं की अस्वल आलंच.

दुकानातला माणूस विचारतो, “कशासाठी हवंय?” तुम्ही म्हणता, “रानडुक्कर. जमलं तर हरीण.” तो मान डोलावतो, कपाटातून एक नग काढतो, मग थांबतो. “आणि समजा, अस्वल समोर आलं तर?” तुम्ही गप्प. दहा मिनिटांपूर्वीपर्यंत तुमच्या आयुष्यात अस्वल नव्हतं. टेक्सासात काळी अस्वलं आहेत, पण ती मुख्यतः पार पश्चिमेला, बिग बेंडच्या डोंगरांत. त्यांना मारायला बंदी आहे आणि तुमच्याशी त्यांचं काही भांडणही नाही. ग्रिझली बघायचं तर मोंटाना-वायोमिंगला नाहीतर अलास्काला जावं लागेल. पण अस्वल एकदा डोक्यात शिरलं की काडतूस वाढत जातं. .३५७ मॅग्नम म्हणून आत गेलेला माणूस .४५४ कॅसुल घेऊन बाहेर येतो, आणि गाडीत बसल्यावर बायकोला सांगतो, “असू दे गं, सेफ्टीसाठी.”

मित्रांना विचाराल तर तेही तेच. कोणतं काडतूस घ्यावं हे चारचौघांत विचारणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत पाठदुखीचा विषय काढणं. प्रत्येकाकडे एक जालीम उपाय असतो, तो त्याच्या मेहुण्याला लागू पडलेला असतो, आणि शेजारच्यानं सांगितलेला उपाय हमखास घातक असतो.

थोडा इतिहास माहीत असलेला बरा, म्हणजे दुकानात मधूनमधून हुंकार भरता येतो. .३५७ मॅग्नम १९३५ साली आलं. ‘स्मिथ अँड वेसन’च्या घराण्यातला डग्लस वेसन स्वतः ते घेऊन जंगलात गेला आणि एल्क-मूससारखी मोठी जनावरं मारून आला, तेव्हा हँडगननं शिकार होते हे लोकांना पटलं. पण या पंथाचा खरा बुवा म्हणजे एल्मर कीथ. आयडाहोचा गुराखी, डोक्यावर भली मोठी हॅट, आणि .४४ स्पेशलच्या काडतुसात कंपनी भरते त्याहून कितीतरी जास्त दारू ठासायची वर्षानुवर्षांची खोड. त्याच्याच पाठपुराव्यातून १९५५ च्या अखेरीस .४४ मॅग्नम जन्माला आलं. पुढे कीथनं, एका सोबत्यानं जखमी करून सोडलेलं हरीण आपण .४४ मॅग्नमच्या रिव्हॉल्वरनं सहाशे यार्डांवर टिपलं, असं लिहिलं. उरलेला जन्म तो ही हकिकत सांगत राहिला आणि लोक तिच्यावर वाद घालत राहिले. कंटाळून, किंवा न कंटाळता, त्यानं आत्मचरित्राचं नावच ठेवलं ‘हेल, आय वॉज देअर!’ होतकरू शिकाऱ्यानं या हकिकतीवर विश्वास ठेवला तरी चालेल. तिचा प्रयोग करू नये. १९७१ साली क्लिंट ईस्टवुडनं ‘डर्टी हॅरी’त तेच .४४ चं मॉडेल २९ रोखलं, आणि ज्यांना हरीण कुठल्या बाजूनं चरतं हेही ठाऊक नव्हतं अशा लोकांची दुकानांत रांग लागली. त्या रांगेचं शेपूट अजून संपलेलं नाही.

काडतुसांच्या आकड्यांवर फार विसंबू नका. .३८ स्पेशलची गोळी प्रत्यक्षात .३५७ इंचाची असते, म्हणजे ती दोन भावंडं एकाच जाडीची. फक्त मॅग्नमचं कवच साधारण इंचाचा आठवा भाग लांब ठेवलंय, जोरदार काडतूस कमजोर रिव्हॉल्वरमध्ये बसू नये म्हणून. .४४ तर .४४ नाहीच, .४२९ आहे. गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात, आणि इथं आपल्याला एक सोय आहे. इंग्रजांनी १८३३ साली तोळा ठरवून दिला तो १८० ग्रेनचा. म्हणजे १० एमएमची नेहमीची १८० ग्रेनची गोळी बरोब्बर एक तोळा; .४४ मॅग्नमची २४० ग्रेनची सव्वा तोळ्याहून थोडी जास्त; .३५७ ची १५८ ग्रेनची तोळ्याला थोडी कमी, आणि .५०० मॅग्नमची ४०० ग्रेनची जवळजवळ सव्वादोन तोळे भरते. हा हिशोब घरात मोठ्यानं करू नये. गेल्या दिवाळीला सोनं का घेतलं नाही हा विषय निघतो.

आता एकेकाचं बघू. .३५७ हाताला सोसतं, स्वस्त .३८ वर सराव होतो, टेक्सासच्या लहान चणीच्या हरणाला जवळून पुरतं. पण सुट्टीत कोलोरॅडोला जायचं मनात असेल तर तिथला नियम बघा: हँडगनच्या गोळीत पन्नास यार्डांवर ५५० फूट-पाउंड जोर उरायला हवा. .३५७ ची सर्वसाधारण १५८ ग्रेनची गोळी नळीच्या तोंडाशीच ५३५ च्या आसपास असते. म्हणजे घरातून निघतानाच नापास. .४५ कोल्ट हे १८७३ पासूनचं म्हातारं काडतूस अजून ठणठणीत आहे, मात्र त्याची जोरदार भरणी भक्कम रिव्हॉल्वरलाच सोसते, जुन्या नाजूक नगात ती घालू नये. .४१ मॅग्नमवाले थोडे आहेत आणि त्यांना थोडेच राहायला आवडतं. त्यांच्यात शिरू नका.

१० एमएमचा किस्सा मात्र जरा सविस्तर सांगायला हवा, कारण तो कोणी दुकानदार सांगत नाही. १९८६ साली मायामीत एफबीआयची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली, दोन एजंट मारले गेले, आणि आपल्या गोळीत दम नाही असं संस्थेनं ठरवलं. मग दमदार १० एमएम घेतलं. घेतल्यावर ध्यानात आलं की त्याचा पुरा धक्का सगळ्यांच्या हातांना झेपत नाही. दारू कमी केली. दारू कमी केल्यावर कवचात मोकळी जागा राहिली, तेव्हा कवचच आखूड केलं, आणि १९९० मध्ये .४० स्मिथ अँड वेसन नावाचं निराळं काडतूस निघालं. पगार घेऊन, सरकारी खर्चानं सराव करणाऱ्या माणसांची ही गत. तुम्ही सोमवार ते शुक्रवार माउस धरता.

.५०० मॅग्नम २००३ साली आलं. लांब नळीचं रिव्हॉल्वर दोन किलोंचं, कप्पे पाचच, कारण सहावा मावत नाही. जोर अडीच हजार फूट-पाउंडांच्या घरात. ते विकत घेण्याची उत्तम जागा म्हणजे दुकानातलं जुन्या मालाचं कपाट. तिथं ते जवळजवळ नवंच मिळतं, सोबत वीसच्या डबीत सतरा काडतुसं शिल्लक. आधीच्या मालकाची तीन गेली. एक कुतूहलापोटी, दुसरं पहिल्यावर विश्वास बसेना म्हणून, तिसरं मेहुण्यानं.

थॉम्पसन-सेंटर कंटेंडर, म्हणजे १९६७ ची ती एकबारी, मधून मोडून भरायची हँडगन, तिचे भक्त वेगळे. तिला रायफलीसारखी काडतुसंही चालतात आणि वर दुर्बीण बसते. ती अचूक असते हे खरं. पण मग रायफल का नको, या प्रश्नाचं उत्तर त्या लोकांकडे असतं आणि ते लांब असतं.

माझं मत विचाराल तर पहिली हँडगन .२२ ची घ्या. हे ऐकताच तुमचा चेहरा पडेल याची कल्पना आहे. .२२ नं टेक्सासात हरीण मारता येत नाही, कायद्यानंच मनाई आहे. खार आणि ससा एवढीच तिची मजल. अस्वलाचा प्रश्न तर तिच्यासमोर काढायचाही नाही. पण तिचं काडतूस काही सेंटांत येतं, .४४ चं मात्र एकेक डॉलरच्या आसपास जातं, आणि नेम नावाची गोष्ट फक्त हजारोंच्या संख्येनं बार काढून येते. मग दुसरी म्हणून .४४ मॅग्नम घ्या, सहा ते साडेसात इंच नळीची, आणि पहिले काही महिने तिच्यात सौम्य .४४ स्पेशलच घाला. मॅग्नमच्या रिव्हॉल्वरला ते चालतं, उलटं चालत नाही. अर्थात हा सल्ला कोणीही मानत नाही, कारण .२२ घेऊन घरी जाताना गाडीत बायकोला सांगण्यासारखं काही नसतं.

दुकानात वागायचं कसं, तेही सांगून ठेवतो. विक्रेता रिव्हॉल्वर काढील, सिलिंडर उघडील, सगळे कप्पे रिकामे असल्याचं तुम्हाला दाखवील आणि तसंच उघडं तुमच्या हातात देईल. तुम्ही स्वतः पुन्हा बघायचं. त्यानं आत्ता बघितलं, तरीही. मग बोट चापाबाहेर ठेवून, नळी कोणाकडेही न वळवता मूठ धरायची. जेफ कूपरनं मांडलेले चार नियम इथल्या प्रत्येक रेंजच्या भिंतीवर असतात: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा, जे उद्ध्वस्त करायचं नाही त्यावर नळी रोखू नका, नेम लागेपर्यंत चापावर बोट नको, सावज कोणतं आणि त्याच्या पलीकडे काय आहे हे ओळखा. या पुस्तिकेत थट्टेबाहेरची जागा एवढीच. सिलिंडर मनगटाच्या झटक्यानं बंद करणारा माणूस सिनेमातला असतो. दुकानात तसं केलंत तर विक्रेता अबोल होतो आणि किमतीत घासाघीस उरत नाही.

घोडा हातानं मागे ओढायचा सिंगल ॲक्शन प्रकार, की चापावरच सगळं होणारा डबल ॲक्शन, यावर रात्र रात्र वाद चालतात. शिकारीत डबल ॲक्शनवालाही अंगठ्यानं घोडा ओढूनच सावकाश बार काढतो, तेव्हा मूठ ज्याची बरी बसेल ते घ्या. पन्नाशी जवळ आली असेल तर माशी धूसर दिसते. लाल ठिपक्याची साइट बसवा आणि तरुण मित्रांना सांगा की ती झटपट नेम धरण्यासाठी आहे.

रेंजवर कान झाका. मॅग्नमचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो आणि गेलेला कान परत येत नाही. डावा हात रायफलीच्या सवयीनं पुढे नळीखाली नेऊ नका. सिलिंडर आणि नळी यांच्या फटीतून तापलेला वायू बाजूला फेकला जातो आणि मोठ्या काडतुसात तो बोटाची गय करत नाही.

आता खरी परीक्षा. मित्राला सांगा, तुमच्या नकळत सहापैकी दोन कप्प्यांत डमी काडतुसं घालायला. तुम्ही पाय रोवता, श्वास अर्धा सोडता, माशी खाचेत बसवता, चाप हळूहळू मागे घेता. धाड. नळी वर उसळते, तुम्ही खूश. दुसरा बार, धाड. तिसऱ्याला घोडा पडतो आणि नुसताच कोरडा खट्ट होतो. बार नाही, धक्का नाही, आणि तरीही नळी चार बोटं खाली गेलेली. मनगट आवळलेलं, डोळे मिटलेले. गोळी निघायच्या आधीच तुम्ही धक्क्याला भिऊन तिला जमिनीकडे ढकलत होतात, आणि इतके दिवस मोठा आवाज ते झाकत होता. मागे उभा असलेला मित्र हसत नाही, कारण पुढची पाळी त्याची आहे. यावर औषध म्हणजे पुन्हा .२२, पुन्हा खट्ट, पुन्हा .२२. काडतूस वाढवून हा रोग बरा झाल्याचं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. वाढल्याची भरपूर आहेत.

एवढं झालं की आठ इंची कागदी प्लेट टांगा. हरणाची हृदय-फुप्फुसाची जागा साधारण तेवढीच. ज्या अंतरावरून तुमच्या सगळ्या गोळ्या प्लेटमध्ये बसतात, सगळ्या, पाचपैकी चार नव्हेत, तेवढी तुमची शिकार. बहुतेकांना पन्नास यार्ड वाटतात आणि तीस निघतात. तीस निघाले तर तीस. एकतिसाव्या यार्डावरचं हरीण फक्त बघायचं. सुटलेल्या गोळ्यांचं फार वाईट वाटून घेऊ नका: १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यान्वये काडतुसांवर ११ टक्के आणि हँडगनवर १० टक्के कर बसतो आणि तो पैसा वन्यजीवांच्या संवर्धनाला जातो. तुमच्याइतकं हुकवणारा माणूस हरणांचं दुहेरी भलं करतो.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी हरणांचा मुख्य हंगाम उघडतो. लानो परगण्याकडे कोणाच्या तरी जमिनीवर पैसे भरून जागा मिळते. तिथं पत्र्याची किंवा फळ्यांची खोली, समोर ठरल्या वेळी मका उधळणारं यंत्र. रायफलवाले ते शंभर यार्डांवर ठेवतात; मालकाला विनवून तुम्ही तीसवर आणवून घ्या. मग पहाटे पाचपासून हलायचं नाही. याच सुमारास सांगलीहून आईचा व्हिडिओ कॉल येतो. “अरे, कुठं बसलायस अंधारात? आणि आपल्यात कोणी मारलंय का डुक्कर कधी?” फोन आधीच बंद ठेवावा.

हरणं बहुधा येणार नाहीत. डुकरं येतील, कळपानं, आणि मका संपवूनच जातील. स्पॅनिश लोकांबरोबर आलेल्या डुकरांचा हा वंश, त्यात १९३० च्या दशकात शिकारीसाठी सोडलेल्या युरोपी रानडुकरांचं रक्त मिसळलेलं. शेतं उकरून टाकतात म्हणून कोणाला त्यांची दया येत नाही. आडवं उभं असलेलं निवडा. खांद्यामागे, खालच्या तिसऱ्या हिश्शात. नळी वाळूच्या पिशवीवर टेकवा, यात कमीपणा नाही. बार काढल्यावर तिथंच बसा, लगेच धावू नका. घोडा पुन्हा ओढून तयार राहा आणि ते पडलंय याची खात्री होऊ द्या.

सोलताना रबरी हातमोजे घाला, या डुकरांना ब्रुसेलोसिस असू शकतो आणि तो माणसाला होतो. मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसला शिजायला हवं; कोल्हापुरी रश्शात ते सहज होतं, फक्त कुकरच्या शिट्ट्या मटणापेक्षा जास्त घ्या. त्याआधी ऐंशी किलोंचं ते धूड काटेरी झुडपांतून गाडीपर्यंत ओढून आणायचं असतं. त्याबद्दलच्या सूचना कोणत्याही काडतुसाच्या डबीवर छापलेल्या नसतात, आणि सोबत आणलेला मेहुणा नेमका त्याच वेळी कंबर धरून बसतो.